बिनतारखेची सही

माझ्या सासूबाई एका मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बोलायच्या बंद झाल्या, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होतो. ही बातमी त्या दिवशी मी ज्या तीन विवाहित पुरुषांना सांगितली त्यांतल्या दोघांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि तिसऱ्यानं आवाज खाली आणून "कसं जमवलंत?" असं विचारलं. म्हणून आधीच सांगून टाकतो, तसला विनोद शोधणाऱ्यांची इथे निराशा होईल. सासूबाईंबद्दल मला आदर होताच. पण तो जावयाला असावा तेवढाच, म्हणजे त्या घरात आल्या की पेपरची विस्कटलेली पानं नीट लावण्याइतपत. पुढच्या सहा दिवसांत तो कुठच्या कुठे जाऊन पोचला, ते सांगायचं आहे.

सासूबाई चौतीस वर्षं अभिलेख कार्यालयात होत्या. त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून. त्यांच्या टेबलावरून अपुरा कागद पुढे गेला असं एकदाही झालं नाही, आणि पुरा कागद एका दिवसापेक्षा जास्त तिथे थांबला असंही झालं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनला तीन आठवडे होते. मी पाण्याचे मीटर बनवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटर विभागात काम करतो. मीटरला आकडे बोलायला लावता येतात, तर माणसाला का नाही, अशा हिमतीनं मी त्या तीन आठवड्यांत रोज संध्याकाळी सासूबाईंना, आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटाशेजारी बसवून, त्यांचा आवाज भरून घेतला. अक्षरं, शब्द, वाक्यं. मग एक प्रोग्राम लिहिला. त्यात टाइप केलं की कॉम्प्युटर सासूबाईंच्याच आवाजात बोलतो. ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी त्यांनी त्यावर पहिलं वाक्य टाइप केलं, "पंखा बारीक करा." माझी बायको न्हाणीघरात जाऊन दहा मिनिटं रडली. पंखा मी बारीक केला.

प्रोग्रामचं नाव ठेवलं 'वाचा'. (काहीजण हे नाव आज्ञार्थी समजून "काय वाचू?" असं विचारतात. त्याला इलाज नाही.) डॉक्टरांनी तो पाहिला आणि ऑपरेशनआधी ते आपल्या पेशंटना माझ्याकडे पाठवू लागले. बघता बघता सासूबाई धरून त्रेचाळीस माणसं आपापल्या आवाजात 'वाचा'वर बोलू लागली. कारखान्याच्या नियमानुसार मला बाहेर काही उद्योग करता येत नाही. तेव्हा आमच्या वरच्या मजल्यावरच्या, विम्यातून निवृत्त झालेल्या आणि सर्व विषयांतले असल्यामुळे 'तज्ज्ञ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांनी सुचवलं, की एक छोटी संस्था नोंदवा आणि सासूबाईंना अध्यक्ष करा. केलं. तज्ज्ञांचा आजवर उपयोगी पडलेला हा एकच सल्ला, आणि पुढे सगळा घोळ झाला तोही त्याच्यामुळेच.

आता थोडं सहीबद्दल. कॉम्प्युटरवर कुणीही प्रोग्राम पाठवू शकतं, म्हणून तो पाठवणाऱ्यानं त्यावर सही करायची असते. ही सही पेननं होत नाही. एका प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीकडून तुम्ही कोण आहात याची खातरजमा करून घ्यायची, ती कंपनी ठरावीक वर्षांसाठी प्रमाणपत्र देते, आणि त्याच्या जोरावर प्रोग्रामवर सही होते. सही असली की कॉम्प्युटर मुकाट्यानं प्रोग्राम उघडतो. नसली की लाल पाटी येते, 'अनोळखी माणूस, सावध राहा'. मी तर त्याच्याही पुढे गेलो होतो. कुणी 'वाचा'त काही काळंबेरं मिसळू नये म्हणून प्रोग्रामच्या दाराशीच मी पहारेकरी बसवला होता: सही शाबूत नसेल तर उघडायचंच नाही. या पहारेकऱ्याचा मला फार अभिमान होता. मंगळवारी सकाळी प्रमाणपत्राची मुदत संपली, आणि पहारेकऱ्यानं इमानेइतबारे त्रेचाळीस माणसांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

"किती तारखेला संपणार होतं ते?" बायकोनं विचारलं.

"आजच."

"कळवलं नव्हतं त्यांनी?"

कळवलं होतं. तीनदा. महत्त्वाची पत्रं इतर पत्रांत हरवू नयेत म्हणून मी संस्थेसाठी एक वेगळा ईमेल काढला होता, आणि तो इतका वेगळा होता की तीन वर्षांत मी तो उघडलाच नव्हता.

माझी बायको फार्मासिस्ट आहे. ती एकदम शांत झाली, आणि ते मला जास्त लागलं. "मी दिवसाला दोनशे डब्यांच्या एक्स्पायरी डेट बघते," ती म्हणाली. "खोकल्याच्या बाटल्यांच्या, मलमांच्या, कापसाच्यासुद्धा. आणि माझ्या आईचा आवाज एक्स्पायर झालाय."

सासूबाई बंद कॉम्प्युटरसमोर बसल्या होत्या. मी जाऊन सरळ सांगितलं, "आई, चूक माझी आहे. तीन पत्रं आली होती, मी बघितली नाहीत." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. रागावल्या असतील अशी अपेक्षा होती, पण चेहरा ओळखीचा निघाला: फाइल समोर आली की माणसाचा होतो तसा. त्यांनी कपाटातून पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, लाल पेन्सिल घेतली आणि लिहिलं, 'बसा.'

मग जी चौकशी झाली तिच्यातल्या दोन्ही बाजू मी इथे देतो. माझी तोंडी, त्यांची लेखी.

'प्रोग्रामवर सही कधी केलीत?'

"मागच्या वर्षी."

'तेव्हा प्रमाणपत्र चालू होतं?'

"हो."

'मग ती सही आज खोटी कशी?'

"आता प्रमाणपत्र संपलं ना, आई."

'मी हजारो दाखल्यांवर सह्या केल्या. मी निवृत्त झाले. ते दाखले रद्द झाले?'

त्यांनी पेन्सिलीचं टोक कागदावर दोनदा आपटलं आणि लिहिलं, 'सहीशेजारी तारखेचा शिक्का मारला होता का?'

वाचकहो, मी या धंद्यात एकोणीस वर्षं आहे. सही करताना एका तिऱ्हाइताकडून तारीख-वेळेचा शिक्का मारून घेण्याची सोय असते. तो शिक्का असला की पुढे प्रमाणपत्र संपलं तरी कॉम्प्युटर समजतो, ज्या दिवशी सही झाली त्या दिवशी सगळं रीतसर होतं, आणि प्रोग्राम जन्मभर उघडतो. हे मला माहीत होतं. शिक्क्यासाठी चार सेकंद जास्त लागतात म्हणून मी ते गाळलं होतं. आणि ज्यांना सही कशाशी खातात हे मी कालपर्यंत समजावून सांगत होतो, त्यांनी ते पाच प्रश्नांत शोधून काढलं.

"नव्हता मारला," मी म्हणालो.

त्यांनी कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'बिनतारखेची सही.' त्याखाली एक रेघ. आयुष्यात माझी इतकी थोडक्यात कुणी हजेरी घेतलेली नाही.

मी म्हटलं, "तुमच्यापुरतं मी पाच मिनिटांत उघडून देतो. पहारेकरी काढून टाकतो."

'बाकीच्यांचं?'

"त्यांना तसंच पाठवता येईल, पण लाल पाटी येईल. 'तरीही उघडा' असं दाबायला सांगायचं."

'नको. आज आपली पाटी ओलांडायला शिकवाल. उद्या चोराची ओलांडतील. रीतसर करा. सगळ्यांचं होईल तेव्हा माझं.'

एवढ्यात त्यांच्या मोबाईलवर संदेश आला. गणिताच्या मास्तरांचा. हे मास्तर आमच्या त्रेचाळिसांतले सगळ्यांत अवघड गृहस्थ. ऑपरेशननंतर घरी बसा म्हणून सांगणाऱ्या शाळेशी भांडून ते 'वाचा' घेऊन वर्गात परत गेले होते. शाळेची कुरकुर चालूच होती. सोमवारी अकरा वाजता मुख्याध्यापिका आणि पालक समिती त्यांच्या तासाला बसणार होती, आणि यंत्रावर बोलणाऱ्या माणसानं शिकवायचं की नाही ते त्यावर ठरणार होतं. मास्तरांचा संदेश असा: 'सकाळपासून उघडत नाही. सोमवारी भूमितीचा तास आहे. माझी काही चूक झाली आहे का?'

शेवटचं वाक्य वाचून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तज्ज्ञ दुपारी खाली आले. "घड्याळ मागे करा," ते म्हणाले. "कॉम्प्युटरला काय कळतंय? मागचा महिना लावा. त्याला वाटेल अजून मुदत आहे." सल्ला देताना त्यांचा चेहरा नेहमी विमा उतरवल्यासारखा निश्चिंत असतो. लाज वाटते सांगायला, पण सासूबाई आत गेल्या असताना मी तसं केलं. आणि 'वाचा' उघडलं! मी विजयी मुद्रेनं त्यांना हाक मारली. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, कीबोर्डवर बोटं ठेवली. मग त्यांची नजर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गेली, जिथे तारीख दिसते. बोटं तशीच राहिली. चौतीस वर्षं मागच्या तारखा टाकून आलेले कागद परत पाठवणाऱ्या बाई त्या. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पाठकोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'मी खोट्या तारखेत बोलणार नाही.'

तज्ज्ञ "माझं जरा गॅसवर दूध आहे" असं म्हणून वर गेले.

नव्या प्रमाणपत्राचा अर्ज मी त्याच संध्याकाळी भरला. उत्तर तत्पर आलं. संस्थेची पडताळणी करावी लागेल. त्यासाठी दूरध्वनी निर्देशिकेत संस्थेचा जो क्रमांक छापलेला आहे त्यावर आमच्या अधिकारी उद्या किंवा परवा अकरा ते पाचच्या दरम्यान फोन करतील आणि संस्थेच्या अध्यक्षांशी थेट संपर्क साधतील.

दोन अडचणी होत्या. निर्देशिकेतला क्रमांक आमच्या जुन्या भाड्याच्या घराचा होता. घर सोडलं, फोन तिथेच राहिला, आणि त्या खोलीत आता पुरुषांचं केशकर्तनालय आहे. क्रमांक बदलून घ्यायला पंधरा दिवस लागतात. दुसरी अडचण वाचकांच्या लक्षात आलीच असेल. अध्यक्षांना बोलता येत नव्हतं. त्यांना बोलता यावं म्हणून प्रमाणपत्र हवं होतं, आणि प्रमाणपत्र हवं तर त्यांनी बोलायला हवं होतं.

"मी बोलते आईच्या नावानं," बायको म्हणाली. "आवाज कोण ओळखतंय?"

सासूबाईंनी लेकीकडे नुसतं बघितलं. लिहायचीसुद्धा गरज पडली नाही. बायको म्हणाली, "बरं, नाही बोलत."

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी रजा टाकून मी पुन्हा सासूबाईंना घेऊन अकराच्या ठोक्याला केशकर्तनालयात हजर झालो. न्हावीदादा भला माणूस, पण व्यवहाराला चोख. "फोनची वाट बघा की खुशाल," ते म्हणाले, "आजीबाईंना तो बाक आहे. पण खुर्ची अडवायची तर गिऱ्हाईक म्हणून अडवा." बुधवारी मी केस कापून घेतले होते. त्यामुळे गुरुवारी अकराला दाढी, बाराला डोक्याची मालिश आणि दोन वाजता नखं कापणं झालं. तीन वाजता कापण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा दादांनी माझ्या मिशीकडे रोखून बघितलं. ती मिशी कॉलेजपासूनची होती. साडेतीनला ती गेली. आरशात मला माझे धाकटे काका दिसू लागले, ज्यांच्याशी माझं कधीच पटलं नाही.

या सगळ्या काळात सासूबाई बाकावर ताठ बसून प्रमाणपत्र कंपनीची नियमावली वाचत होत्या. चौसष्ट पानं. मी गेल्या वेळी ती 'मान्य आहे' वर टिचकी मारून संपवली होती. त्या पानापानाला लाल पेन्सिलीनं खुणा करत होत्या, आणि मधेच एखादं कलम आवडलं की मान डोलवत होत्या. बाकावरची गिऱ्हाइकं अदबीनं सरकून बसली होती.

तीन चाळीसला फोन वाजला. मी उठणार तेवढ्यात दादांनी सवयीनं उचलला. "बोला, कटिंग की दाढी?... कोण?... नाही हो, इथे कुणी अध्यक्षा येत नाहीत. फक्त पुरुषांचं आहे." आणि ठेवला.

सासूबाई उभ्या राहिल्या. ओरडता येत नसलेल्या माणसाचा संताप काय असतो ते मी तेव्हा पाहिलं. त्यांनी चौसष्ट पानांचा गठ्ठा बाकावर असा आपटला की वस्तरा चालू असलेल्या शेजारच्या गिऱ्हाइकानं जीव मुठीत धरला. दादांनी दोन्ही हात जोडले.

सुदैवानं नियमावलीत तीन वेळा फोन करायची तरतूद होती. दहा मिनिटांनी पुन्हा घंटी वाजली. या वेळी मी झेप घेतली.

"संस्थेच्या अध्यक्षांशी बोलायचंय." बाईंचा आवाज थंड आणि स्वच्छ, धुतलेल्या काचेसारखा.

"त्या समोरच आहेत."

"मग द्या त्यांना."

"दिला असता, पण त्यांना बोलता येत नाही."

"कामात आहेत का?"

"नाही, एरवीही येत नाही. म्हणजे सोमवारपर्यंत येत होतं. प्रमाणपत्र संपलं आणि थांबलं."

"साहेब, प्रमाणपत्र संपल्यामुळे आजवर कुणाचं बोलणं बंद झालेलं नाही."

मी सगळं सांगितलं. गाठ, कपाट, त्रेचाळीस माणसं, पहारेकरी, मास्तरांचा सोमवार. बाई म्हणाल्या, "वाईट वाटतं हो ऐकून. पण अध्यक्षांनी स्वतः बोलणं आवश्यक आहे. मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही."

रिसीव्हरमधलं सासूबाईंना ऐकू जात होतं. त्यांनी नियमावलीचं एकतिसावं पान माझ्या नाकासमोर धरलं. लाल चौकटीत एक ओळ होती. मी वाचली, "कलम अकरा, पोटकलम चार. अध्यक्षांशी 'थेट संपर्क' साधावा. 'बोलावं' असं लिहिलेलं नाही."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. बराच वेळ.

"संपर्कच लिहिलंय," बाई हळूच म्हणाल्या. मग जरा वेगळ्याच आवाजात विचारलं, "हे कुणी शोधलं?"

"अध्यक्षांनी."

"त्यांना सांगा, लेखी अर्ज करा. समोरासमोर व्हिडिओवर संपर्क व्हावा म्हणून. सोबत ओळखीचे कागद."

त्या संध्याकाळी सासूबाईंनी केलेला मसुदा मी जपून ठेवला आहे. दीड पान. एक शब्द जास्त नाही, विनवणी नाही, रडगाणं नाही. विषय, संदर्भ, वस्तुस्थिती, मागणी, कलम, परिशिष्टं अ ते ऊ. मी म्हटलं, "सोमवारचं जरा कळकळीनं लिहू या का? 'कृपया दया करावी' वगैरे?" त्यांनी लिहिलं, 'दया मागितली की नाही म्हणता येतं.' ओळखपत्रावर त्यांच्या नावाचं एक अक्षर संस्थेच्या नोंदीपेक्षा वेगळं आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. परिशिष्ट ई म्हणजे नावाची ती दोन्ही रूपं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र निघालं, निवृत्तीच्या वेळी करून ठेवलेलं, दोन साक्षांकित प्रतींसह. "हे कधी लागेल असं वाटलं होतं?" मी विचारलं. 'लागेल तेव्हा,' त्यांनी लिहिलं.

शुक्रवारी दुपारी बारा वाजता व्हिडिओ जोडला गेला. पडद्यावर पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेल्या, त्याच फोनवरच्या बाई होत्या. मागे फायलींचं कपाट, फायली उंचीनुसार लावलेल्या. सासूबाईंनी ते कपाट बघितलं आणि त्यांचा चेहरा जरा सैलावला. बाई यादीतले प्रश्न वाचायच्या, सासूबाई जाड अक्षरात उत्तर लिहून कागद छातीशी धरायच्या. नाव. पत्ता. नोंदणी क्रमांक, जो त्यांना पाठ होता. ओळखपत्रातलं ते वेगळं अक्षर बाईंच्या नजरेतून सुटलं नाही. "इथे एक फरक दिसतो..." त्या म्हणाल्या, आणि सासूबाईंनी कागद वर धरला: 'परिशिष्ट ई.'

बाईंनी परिशिष्ट ई काढलं, वाचलं, आणि चष्मा पुसला.

"संस्थेचा उद्देश?"

नोंदणीच्या कागदात मी उद्देश बारा ओळींत लिहिला होता. सासूबाईंनी लिहिलं, 'माणसांना बोलतं करणं.'

बाईंनी ते टिपून घेतलं. यादी संपली होती, पण त्यांनी व्हिडिओ बंद केला नाही. "आमच्याकडे रोज अपुरे कागद येतात," त्या म्हणाल्या, माझ्याकडे अजिबात न बघता. "सही आहे तर तारीख नाही, तारीख आहे तर शिक्का नाही. लोक म्हणतात, एवढं काय त्यात. मी परत पाठवते. मग सगळे मला खडूस म्हणतात."

सासूबाईंनी बराच वेळ लिहिलं. कागद वर धरला तेव्हा त्यावर होतं: 'मलाही म्हणत. परत पाठवत राहा. ज्याचा कागद पुरा असतो त्याला पुढे कुणी अडवू शकत नाही.'

मी तिथून उठून पाणी प्यायला गेलो. दोन मोठी माणसं बोलत असताना आपण मधे असू नये.

प्रमाणपत्र ज्या पेनड्राइव्हएवढ्या चावीत येतं ती चावी शनिवारी घरपोच आली. तिचा पासवर्ड वेगळ्या बंद पाकिटात रविवारी सकाळी. मी घाईत तो टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. पडद्यावर सूचना आली की तिसऱ्यांदा चुकलं तर चावी कायमची बंद. तरी मी तिसऱ्यांदा बोट उचललं. बायको म्हणाली, "तू बाजूला हो." सासूबाईंनी ती चिठ्ठी खिडकीच्या उजेडात धरली, भिंग आणवलं, आणि मी ज्याला इंग्रजी 'ओ' समजत होतो तो शून्य आहे असं बोटानं दाखवलं. मग स्वतःच एकेक अक्षर दाबलं. चावी उघडली.

सही करताना त्या माझ्या खांद्यामागे उभ्या होत्या. सही झाली. त्यांनी माझ्या पाठीत पेन्सिल टोचली. मी म्हटलं, "हो हो, आता शिक्काच मारतोय." चार सेकंद लागले. आम्ही तिघं पडद्याकडे बघत होतो. तारीख उमटली, वेळ उमटली, सेकंदसुद्धा. सासूबाईंनी ती तारीख घरातल्या कॅलेंडरशी ताडून पाहिली आणि मगच मान हलवली.

त्रेचाळीस जणांची यादी त्यांनी आधीच करून ठेवली होती, गरजेच्या क्रमानं. एकटे राहणारे आधी, हॉस्पिटलात असलेले आधी, नोकरीवाले आधी. पण सोमवारच्या तासामुळे पहिलं नाव मास्तरांचं. बायको आणि मी दोन फोन घेऊन बसलो आणि प्रत्येकाला नवा प्रोग्राम घालून देईपर्यंत हललो नाही. दर थोड्या वेळानं फोनमधून एकेक आवाज परत यायचा. कुणी "ऐकू येतंय का?" म्हणायचं, कुणी नुसतं आपलं नाव घ्यायचं. एका आजोबांनी आपल्या बायकोला हाक मारली, मग विसरल्यासारखी पुन्हा मारली, मग आणखी दोनदा. बेचाळीस झाले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. मग सासूबाईंनी खुर्ची ओढली.

सोमवारी शाळेनं संस्थेच्या अध्यक्षांनाही बोलावलं होतं. आम्ही दोघं शेवटच्या बाकावर बसलो. शेजारी मुख्याध्यापिका आणि पालक समितीचे चारजण. मास्तर काटक, पांढऱ्या शर्टातले, गळ्याभोवती रुमाल. फळ्यावर एका हातानं त्रिकोण काढायचे, दुसऱ्या हातानं टाइप करायचे, आणि टेबलावरच्या स्पीकरमधून त्यांचा खणखणीत आवाज यायचा. "हा कोन याच्याएवढा का? कारण सांगा. 'दिसतोय म्हणून' हे कारण नाही." वर्ग सगळा त्यांच्यात गुंगून गेला होता. अर्ध्या तासानं मीही वहीत त्रिकोण काढायला लागलो होतो.

समितीतल्या एका पालकांनी मधेच पुढे वाकून विचारलं, "सगळं ठीक आहे हो, पण हे मागच्या आठवड्यात बंद पडलं होतं म्हणे. चूक कुणाची होती?"

मी तोंड उघडण्याआधी सासूबाईंनी मांडीवरच्या लॅपटॉपवर टाइप केलं, आणि त्यांचा तो जुना, हेडक्लार्कचा आवाज बाकावरून उठला.

"चूक या माझ्या जावयांची. पहिल्या तासाभरात येऊन त्यांनी ती स्वतः कबूल केली. चौतीस वर्षांच्या नोकरीत असं करणारी तीन माणसं मी पाहिली. हे चौथे."

माझा नवा, बिनमिशीचा ओठ थरथरायला लागला. तो झाकायची काही सोयच उरलेली नव्हती. पालकांनी पुन्हा विचारलं, "पण पुन्हा बंद पडलं तर?" सासूबाई टाइप करू लागल्या, "आता प्रत्येक सहीवर तारखेचा शिक्का आहे. नवीन प्रमाणपत्राचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी..."

टक्, टक्, टक्. मास्तर डस्टर टेबलावर आपटत होते. वर्ग चिडीचूप झाला. त्यांनी आमच्याकडे बघत सावकाश टाइप केलं, आणि स्पीकरमधून आवाज आला:

"शेवटच्या बाकावरचं बोलणं बंद. तास अजून संपलेला नाही."

मुख्याध्यापिका सरळ बसल्या. चारही पालक सरळ बसले. आणि माझ्या सासूबाईंनी मुकाट्यानं लॅपटॉप मिटला, माझी वही आपल्याकडे ओढली आणि फळ्यावरचा त्रिकोण उतरवून घेऊ लागल्या.